साहेबांच्या खिशातला गजर

रांजणगावच्या महागणपतीची कथा विसरण्यापासून सुरू होते. त्रिपुरासुराने वर मागून घेतले, तीन पुरं मिळवली, देवांना पळता भुई थोडी केली आणि अखेर खुद्द शंकर युद्धाला उभे राहिले. तरी यश येईना. का येईना याचा विचार करताना त्यांच्या ध्यानात आलं, की निघताना गणेशाचं स्मरण राहूनच गेलं. मग ते केलं आणि त्रिपुर पडला. शंकराने ज्या जागी गणपतीची स्थापना केली ती ही जागा, असं गावात सांगतात. अष्टविनायकांतल्या या आठव्या गणपतीचं मला पहिल्यापासून एका गोष्टीचं अप्रूप आहे. इथे देवाधिदेव एक साधी गोष्ट विसरले, आणि ते सांगताना कोणालाही संकोच वाटत नाही. विसरावं, आठवण व्हावी, काम पुढे जावं, एवढा सरळ व्यवहार आहे.

देऊळ पुणे-नगर रस्त्यावर, पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर. त्याच पट्ट्यात, कारेगाव आणि ढोकसांगवीच्या अंगाला, नव्वदच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढत गेली. बाजरी-मटकीच्या माळांना तारेची कुंपणं आली, जमिनींचे पैसे आले, खोल्या भाड्याने लागल्या. पुढे इथून फ्रिज, टीव्ही, मोटारी असं काय काय बाहेर पडू लागलं. संकष्टी, भाद्रपदातली यात्रा आणि आठवडे बाजार यांच्या हिशेबाने चालणाऱ्या गावात पाळ्यांचा हिशेब शिरला. पहिली, दुसरी, तिसरी आणि जनरल. चतुर्थी कधी आहे हे ठाऊक असलेली माणसं आता तिसरी पाळी कोणत्या आठवड्यात लागते तेही ध्यानात ठेवू लागली.

मी त्या काळात तिथल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. टाइम ऑफिस म्हणजे फाटकाजवळची खोली. पंचिंगचं घड्याळ, कार्डांचे रॅक, जाड पुठ्ठ्याचं मस्टर, शिक्के आणि कायम गळणारी एक बॉलपेन. कोण आला, कोण नाही आला, कोणाची रजा पगारी, कोणाची बिनपगारी, कोणाचा ओव्हरटाइम किती, हे सगळं आमच्याकडे. कारखान्याला काही आठवायचं झालं की माणूस आमच्या खिडकीशी यायचा. अशा आमच्या राज्यात एक दिवस पर्सोनेलच्या साहेबांकडे ते यंत्र आलं.

यंत्र एचपी कंपनीचं, २०० एलएक्स नावाचं. बाजारात आलं होतं १९९४ साली; साहेबांना त्यांच्या नातेवाइकाने परदेशातून आणून दिलं होतं. मिटलं की चष्म्याच्या थोराड घराएवढं, वजन तीनशे ग्रॅमच्या जरा वर. साहेब सफारी घालत, आणि सफारीचा खालचा खिसा अशा वस्तूसाठीच शिवला असावा इतकं ते त्यात चपखल बसे. बिजागरीवर उघडलं की वर राखाडी-हिरवट पडदा, खाली बारीक बटणांचा पूर्ण कीबोर्ड, आणि उजवीकडे आकड्यांची वेगळी पट्टी. पडद्यामागे दिवा नव्हता. त्यामुळे साहेब काही बघायचं झालं की यंत्र हातात धरून खिडकीकडे किंवा ट्यूबलाइटकडे तिरपं करीत. लांबून पाहणाऱ्याला वाटे, साहेब आरशात बघतायत.

आत मात्र पुरा संगणक होता. टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये त्या काळी जी डॉस प्रणाली असे, तीच इथे चिपमध्ये कायमची भरलेली. लोटस १-२-३ हे हिशेबांचं पत्रक एका बटणावर उघडे. भेटीगाठींची वही, फोनची यादी, टिपणं, घरखर्चाचा जमाखर्च, जगभरच्या शहरांची वेळ, चलनांचं आणि मापांचं रूपांतर, सगळं एकेका बटणाच्या अंतरावर. बाजूला एक खाच होती, तिच्यात कार्ड सरकवलं की साठा वाढे. अवरक्त किरणांची एक काळी खिडकी होती. तसंच दुसरं यंत्र समोर धरलं तर वायरीशिवाय माहिती तिकडे जाई. पण रांजणगावात दुसरं यंत्रच नव्हतं, म्हणून ती खिडकी बंद दारासारखी राहिली. हे सारं साध्या दोन पेन्सिल सेलांवर चाले, आणि ते सेल काही आठवडे पुरत. सेल बदलताना आतलं पुसलं जाऊ नये म्हणून शेजारी एक चपटा गोल सेल राखणीला असे. आजच्या फोनला रोज रात्री भिंतीशी जखडून ठेवणाऱ्या माणसाने हे वाक्य पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

कामगारांत या यंत्राची कीर्ती पसरली ती हप्त्यांमुळे. त्यातल्या गणकयंत्रात कर्जाचा हिशेब होता. मुद्दल, व्याजाचा दर, मुदत घातली की मासिक हप्ता समोर. पतपेढीचं कर्ज काढणारे लोक जेवणाच्या सुट्टीत साहेबांच्या केबिनबाहेर घुटमळू लागले. पतपेढीचा कारकून सांगे तो हप्ता आणि साहेबांचं यंत्र सांगे तो हप्ता जुळला की माणूस निर्धास्त होऊन सही करायला जाई. साहेबही हे काम हौसेने करीत. महागड्या वस्तूला प्रेक्षक लागतात, आणि हा प्रेक्षक कृतज्ञ होता.

खिशातल्या या कारकुनांची परंपरा तोवर दहा वर्षांची झाली होती. ब्रिटनमधल्या सायन कंपनीने १९८४ साली पहिला ऑर्गनायझर काढला. त्याची साठवणूक निराळ्या पाकिटांत होई, आणि त्या पाकिटांतली चिप पूर्ण पुसून कोरी करायची तर तिला अतिनील प्रकाशाखाली धरावं लागे. विसरायलासुद्धा खास दिवा लागणारं ते यंत्र मला तत्त्वज्ञाचं वाटतं. मग जपानच्या शार्पचा विझार्ड आला. त्याच्या पारदर्शक पट्टीखाली वेगवेगळी कार्डं सरकवायची, आणि कार्डावर छापलेली बटणं पट्टीवरून दाबायची. १९९१ साली एचपीने लोटसच्या मदतीने ९५ एलएक्स काढला तेव्हा त्याची किंमत ६९९ डॉलर होती. त्या वर्षी रुपयाचं अवमूल्यन झाल्यानंतरच्या दराने हे सतरा-अठरा हजार रुपये होतात, आणि तेवढ्यात बरी स्कूटर येत होती. १९९३ मध्ये ॲपलचा न्यूटन तितक्याच किमतीला आला. तो हाताने लिहिलेलं वाचतो म्हणे, पण सुरुवातीला इतकं चुकीचं वाचायचा की अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत त्याच्यावर व्यंगचित्रं निघाली. १९९८ मध्ये तो बंदही झाला.

आपल्याकडे मध्यमवर्गात पोचली ती या सगळ्यांची गरीब चुलत भावंडं, म्हणजे 'डिजिटल डायरी'. दुबई-मस्कतला गेलेले मेहुणे ती आणत, मुंबईत मनीष मार्केटमध्ये आणि पुण्यात हाँगकाँग लेनच्या आसपास ती मिळे. साठवण बत्तीस किंवा चौसष्ट किलोबाइट. पुढे मीही एक घेतली. बत्तीस किलोबाइट म्हणजे काय ते असं सांगता येईल: हा जो लेख तुम्ही वाचता आहात तो युनिकोडच्या आजच्या रूढ पद्धतीने साठवला तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट पडतात, आणि हा अख्खा लेख त्या डायरीत मावत नाही. एवढ्याशा जागेत माणसाला आपली सगळी ओळखपाळख बसवायची असे. त्यामुळे एखादं नाव घालण्याआधी विचार व्हायचा. या गृहस्थांना आपण पुन्हा कधी फोन करणार आहोत का? नसलो तर बोटं कशाला शिणवायची? बारीक बटणांवर एक नाव आणि एक पत्ता टंकायला जो वेळ जाई, त्यातच त्या माणसाचं आपल्या आयुष्यातलं स्थान ठरून जाई.

शिवाय या यंत्रांना आपली लिपी येत नव्हती. नावं रोमन अक्षरांत घालावी लागत, आणि मराठी नाव रोमनमध्ये कसं लिहायचं याचा नियम ज्याचा त्याने करायचा. आजीच्या नावात सुरुवातीला एक 'ए' घातला की दोन, हे घालणाऱ्याला आठवलं नाही तर आजी यादीत असूनही सापडत नसे. 'जोशी' आणि 'ज्योती' एकमेकांशेजारी येऊन बसत. गंमत अशी, की त्याच वर्षांत, याच जिल्ह्यात, आपल्या लिपीला संगणकावर आणण्याचं काम चाललं होतं. पुण्याच्या सी-डॅकचं नाव महासंगणकामुळे लोकांना माहीत झालं. पण भारतीय लिप्या पडद्यावर उमटवणारं तिथलं 'जिस्ट' तंत्रज्ञान माझ्या मते तेवढंच मोलाचं होतं. भारतीय लिप्यांच्या संकेतांचं राष्ट्रीय मानक १९९१ साली ठरलं. त्या संकेतात एका चिन्हाला एकच बाइट पुरे. त्या हिशेबाने हा लेख बत्तीस किलोबाइटांत आरामात बसला असता. लिपी लहान यंत्रात मावत होती. तिला आत घेण्याइतकी आपली गिऱ्हाइकी मोठी नव्हती, एवढंच.

आणि तिथी. जपानी-अमेरिकी यंत्रं शंभर-शंभर वर्षांचं कॅलेंडर पाठ म्हणत. कोणत्याही सालातल्या कोणत्याही तारखेचा वार सांगत. टोकियोत आता किती वाजले हे विचारण्याची रांजणगावात कोणाला गरज नव्हती, तरी तेही सांगत. संकष्टी मात्र त्यांना ठाऊक नव्हती. अंगारकीला देवळाबाहेर दर्शनाची रांग लागते, रस्ता तुंबतो, कामगारांच्या बसा अडकतात, निम्मी पहिली पाळी उशिरा येते. म्हणजे कारखान्याच्या दृष्टीनेही अंगारकी ही महत्त्वाची नोंद. पण ती यंत्रात आपण होऊन नव्हती. साहेबांच्या भेटींच्या वहीत ती कोणीतरी बघून घालावी लागे, आणि बघायचं कशात तर भिंतीवर.

भिंतीवर कालनिर्णय. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेलं हे कॅलेंडर म्हणजे मराठी घराचा खरा ऑर्गनायझर, असं मी म्हटलं तर त्यात विनोद नाही. तिथी, नक्षत्र, सण, सुट्ट्या, आणि संकष्टीला गावोगावच्या चंद्रोदयाच्या वेळा. एका शहरात चंद्र अमुक वाजता उगवतो आणि दुसऱ्यात काही मिनिटांनी, हे ज्ञान दोन पेन्सिल सेलांशिवाय मिळे. त्यावर मग घराची स्वतःची नोंद चढे. दुधाचे खाडे, गॅस लावल्याची तारीख, मोलकरणीची उचल, धाकट्याचा डोस, मावशीच्या मुलीचं लग्न. हस्ताक्षरं तीन-चार. पेन खिळ्यालाच दोऱ्याने बांधलेलं. दूधवाला दारात उभा राहून आपणच बोट ठेवून दाखवी, "वैनी, हे बघा, बुधवारी मी आलो होतो, तुम्ही घरात नव्हता." त्याच्या म्हणण्याला भिंत साक्ष असे. नवरा परगावी गेला, बाई माहेरी गेली, तरी घराचं स्मरण घरातच राही. एकविसावं शतक लागलं आणि लँडलाइनच्या सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला, तेव्हा कालनिर्णयच्या मागच्या पानावर आईने वर एकच ओळ लिहिली: सर्व नंबरांना आधी २. माझ्या डायरीत मी एकेक नंबर उघडून तो आकडा घालत बसलो.

इथवर हा फरक सोयी-गैरसोयीचा आहे. टाइम ऑफिसात बसून मला त्याची दुसरी बाजू दिसली.

साहेबांच्या यंत्रात तारखांचं गणित करणारी एक सोय होती. एक तारीख घाला, दिवस घाला, पुढची तारीख मिळते. दोन तारखा घाला, मधले दिवस मिळतात. आणि भेटींच्या वहीत हवी ती तारीख आणि वेळ घातली की यंत्र बंद असलं तरी त्या वेळी जागं होऊन वाजे. साहेबांच्या नोंदींत मीटिंगा होत्या, मुलीच्या फीची तारीख होती, विम्याचा हप्ता होता. पण सर्वांत जास्त नोंदी होत्या त्या 'ब्रेक'च्या.

औद्योगिक वसाहतीत काम केलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो. औद्योगिक विवाद कायदा १९४७ सालचा. त्याच्या २५-ब कलमानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की वर्षाची सलग नोकरी झाली असं धरत. आणि महाराष्ट्रातल्या आदर्श स्थायी आदेशांप्रमाणे तात्पुरत्या कामगाराला २४० दिवसांवर कायम होण्याचा हक्क सांगता येई. म्हणून २४० भरायच्या आत माणसाला घरी बसवायचं, काही दिवसांनी नव्या तारखेने पुन्हा घ्यायचं. याला ब्रेक म्हणतात. अनेक ठिकाणी हे चालत आलं आहे, आणि आमच्याकडे ते चाले तेव्हा आम्हाला त्यात विशेष काही वाटत नसे. पूर्वी ही तारीख मस्टरवरून काढावी लागे. महिन्याचे हजर दिवस मोजा, बेरीज करा, पुढच्या पानावर न्या. या कामात वेळ जाई, चुकायला होई, आणि मुख्य म्हणजे ते चारचौघांत होई. मोजणारा कारकून, शेजारचा कारकून, चहा घेऊन आलेला पोऱ्या, सगळ्यांना कळे की आता कोणाचे दिवस भरत आले. संध्याकाळपर्यंत ते ज्याचे त्याच्या कानावर जाई. यंत्र आल्यावर हा गलबला थांबला. माणूस रुजू झाला की साहेब तारीख घालत, पुढची तारीख काढत, गजर लावत. सात-आठ महिन्यांनी एका सकाळी सफारीच्या खिशात बारीक टिटी व्हायची. ती फक्त साहेबांना ऐकू येई.

त्यांच्यातला एक मुलगा मला आठवतो. बीडकडचा, कारेगावात एका खोलीत चौघांबरोबर राहणारा. ऊसतोडीला जाणारं घर, हा पहिलाच कारखान्यात लागलेला. एका महिन्याच्या अखेरीला तो आमच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, "भाऊसाहेब, माझे दिवस बघता का? माझ्या हिशेबाने जास्त भरत्यात." त्याच्या हातात कालनिर्णयची फाडलेली पानं होती. रुजू झाल्यापासून कामावर गेलेल्या प्रत्येक दिवशी त्याने तारखेवर फुली मारली होती. खोलीतल्या बाकीच्या चौघांच्या फुल्याही त्याच पानांवर, वेगवेगळ्या रंगांत. ज्याची तिसरी पाळी असेल त्याची फुली दुसरा मारी. आणि साप्ताहिक सुट्ट्या, २६ जानेवारी, १ मे, गणेशचतुर्थी या दिवसांवर त्याने फुलीऐवजी गोल केले होते. म्हणाला, "ह्याचा पगार मिळतो ना? मग ह्यो बी दिवस भरला."

त्याला कायद्याचं पुस्तक माहीत नव्हतं. पण सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली, अमेरिकन एक्सप्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात, नेमकं हेच म्हटलेलं आहे: ज्या रविवारचा आणि सुट्टीचा पगार दिला जातो, तो दिवसही या मोजणीत धरावा लागतो. साहेबांच्या यंत्रातल्या नोंदीत प्रत्यक्ष हजेरीचे दिवस होते, गोल नव्हते. यंत्राला २६ जानेवारी हा एक साधा दिवस होता. भिंतीवरच्या कागदाला तो लाल छापलेला होता.

मी मस्टर काढून त्याच्यासमोर ठेवलं. आम्ही दोघांनी पानोपानी मोजलं, त्याच्या फुल्या आणि माझे शिक्के जुळले. कुठल्याही हिशेबाने २४० व्हायला अजून काही दिवस कमीच होते. पण आता फरक किती हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याला ब्रेक मिळाला, ठरल्यापेक्षा लवकर. गजराची तारीख मागे ओढली गेली इतकंच. पुढे तो चाकणकडे गेला असं त्याच्या खोलीतल्यांनी सांगितलं. ही गोष्ट न्यायाच्या विजयाची नाही. मला त्यातून एवढंच कळलं, की एकाच माणसाचे दिवस दोन जागी मोजले जात होते. एका जागी मोजणी पाच जण मिळून करत होते आणि कोणीही येऊन पडताळू शकत होतं. दुसऱ्या जागी ती परवलीच्या शब्दाखाली होती.

परवलीचा शब्द ही या यंत्रांची मोठी मिरवण्याची गोष्ट होती. स्वस्तातल्या डिजिटल डायरीतही 'सीक्रेट' असा कप्पा असे. दुकानदार ती विकताना फोनची यादी दाखवी, मग घड्याळ दाखवी, आणि शेवटी आवाज खाली आणून हा कप्पा उघडून बंद करून दाखवी. गिऱ्हाईक तिथे पटे. तोवर आपल्याकडे साधारण माणसाची आठवण ही चारचौघांच्या सोबतीने राहायची. शेताचा बांध कुठून कुठे जातो हे शेजाऱ्याला ठाऊक असायचं, उसनवारी किराणा दुकानाच्या वहीत, सोयरिकी आत्याच्या तोंडात. या सोबतीत जाच होता, हे मी नाकारत नाही. आत्याला सगळं ठाऊक असणं हे दर वेळी सुखाचं नसतं. सुनेला, तरुण मुलीला, कर्जात बुडालेल्या माणसाला एक कुलूपबंद कप्पा हवाच असतो. पण या यंत्रांनी कुलूप अपवाद म्हणून न ठेवता सगळ्याच आठवणींना लावलं. ती ज्या कप्प्यात गेली तो एकाच्या खिशाला शिवलेला होता.

१९९६ मध्ये पामचा पायलट आला. त्याचे कर्ते जेफ हॉकिन्स यांनी यंत्र बनवण्याआधी तेवढ्या मापाचा लाकडी ठोकळा करून तो शर्टाच्या खिशात वागवला, आणि कोणी वेळ विचारली किंवा भेट ठरवली की त्या ठोकळ्यावर लिहिल्यासारखं करून बघितलं. या प्रयोगाचं मला फार कौतुक आहे, कारण त्यांनी आधी खिसा पाहिला आणि मग यंत्र केलं. २९९ डॉलरचा, १२८ किलोबाइटांचा तो पायलट एका पाळण्यात ठेवून एक बटण दाबलं की टेबलावरच्या संगणकात सगळ्याची दुसरी प्रत होई. म्हणजे यंत्र हरवलं तरी स्मरण वाचे. पण ती दुसरी प्रतही त्याच माणसाची.

उलट विचार कोणी केलाच नाही असं नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी सिम्प्युटर आखला आणि २००४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने तो विक्रीला आला. हातात मावणारा, भारतीय भाषा जाणणारा. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती कल्पना स्मार्ट कार्डाची: गावात यंत्र एक, आणि ज्याची माहिती त्याच्या कार्डावर. आपलं कार्ड घालावं, काम करावं, कार्ड काढून पुढच्याला जागा द्यावी. कुलूप होतं आणि सामायिक ओसरीही होती. तो फारसा खपला नाही. तोवर लोकांना फोन हवा होता.

आणि फोन तर रांजणगावातच बनू लागले. एलजीने २००४ साली इथे कारखाना सुरू केला आणि थोड्याच काळात तिथे मोबाइलचे हँडसेट तयार व्हायला लागले. फोनची यादी, गजर, कॅलेंडर, गणकयंत्र, टिपणं, जगाची वेळ, असं साहेबांच्या यंत्रातलं सगळं साहित्य फोनच्या पोटात गेलं होतं. माळावरच्या बाजरीच्या जागी, पाळीवर आलेल्या मुलींच्या हातून, ते खोक्यांत भरलं जात होतं. पूर्वी जे परदेशातल्या नातेवाइकाकडून यायचं ते आता इथून जाऊ लागलं. फोन स्वस्त होत गेला, त्याला देवनागरी आली, मग कॅमेरा आला. कंत्राटी कामगाराच्या खिशात साहेबांच्या त्या यंत्राच्या हजारो पट साठवण आली.

मग फुल्यांचं काय झालं? मला वाटलं होतं, त्या संपल्या असतील. मध्यंतरी कारेगावच्या एका चाळीत ओळखीच्यांकडे गेलो तेव्हा भिंतीवर कॅलेंडर होतं आणि फुल्याही होत्या. पोरं म्हणाली, हजेरी ॲपवर लागते, पण ॲप कंत्राटदाराचं. कंत्राट बदललं की लॉगिन बंद आणि मागचं काही दिसत नाही. म्हणून आधी भिंतीवर फुली, मग महिनाअखेरीला पानाचा फोटो, आणि फोटो खोलीच्या ग्रुपवर. एकाचा फोन हरवला तरी सहा जणांकडे राहतो. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. नव्या यंत्राचा उपयोग त्यांनी जुन्या रीतीला जोडून घेतला आहे, आणि त्या यंत्राच्या जाहिरातीत ही सोय कुठेच लिहिलेली नाही.

साहेबांबद्दल राग धरावा असं मला आजही वाटत नाही. ते टापटिपीचे, शब्दाचे पक्के गृहस्थ होते. त्यांच्या यंत्रात माझ्या वडिलांच्या ऑपरेशनची तारीखही होती, आणि त्या सकाळी त्यांनी आठवणीने फोन केला होता. त्या फोनचं मोल मला कमी वाटत नाही. त्याच खिशात, तशाच टिटीने, त्यांनी कोणाच्या तरी वडिलांचा पगार थांबवण्याची तारीखही ठेवली होती. यंत्राने दोन्ही गोष्टी सारख्याच चोखपणे सांभाळल्या. काय लक्षात ठेवायचं ते त्याला माहीत होतं. कोणाच्या वतीने ठेवायचं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि ते विचारायला त्याला बटण नव्हतं.

आता वय झालं, तशी घरात आठवण ठेवणारी यंत्रं वाढली आहेत. मुलगा मनगटावर बांधायचं एक घेऊन आला, गोळ्यांच्या वेळा सांगणारं. दुकानदारही सोबत फोनवर होता, सगळी वैशिष्ट्यं सांगायला उत्सुक. नाडी मोजतं, झोप मोजतं, पावलं मोजतं. मी दोनच गोष्टी विचारल्या. हे वाजलं की घरात आणखी कोणाला ऐकू येईल का? आणि मी शुद्धीवर नसलो तर माझ्या बायकोला हे उघडता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर तो खुशीत आला. "नाही काका, अजिबात नाही. तुमच्याशिवाय कोणीच उघडू शकत नाही," तो म्हणाला, आणि ही त्या वस्तूची सर्वांत मोठी खुबी असल्यासारखं त्याने मला ते पुन्हा एकदा सांगितलं. यंत्र ठेवून घेतलं. गोळ्यांच्या वेळा बायकोने कॅलेंडरवर लिहिल्या आहेत.